निसर्गाजवळ गेलं की आतला आवाज खरंच ऐकू येतो का? (थोरो, एमर्सन आणि मंडळी)

रानजाई

सध्या थोरो आणि एमर्सन एकत्र वाचतेय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळच्या कॉनकॉर्ड या लहानशा गावाभोवती काही माणसं जमली: राल्फ वॉल्डो एमर्सन, हेन्री डेव्हिड थोरो, मार्गारेट फुलर, ब्रॉन्सन अल्कॉट. त्यांचं म्हणणं असं, की योग्य काय हे कळण्यासाठी चर्च, सरकार किंवा चार लोकांचं मत यांची मध्यस्थी लागत नाही, ते प्रत्येकाला आतूनच कळू शकतं. आणि त्यासाठी निसर्गासारखी दुसरी जागा नाही. एमर्सनचं 'नेचर' १८३६ मध्ये आलं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं हा विचार तिथे नुसता उसळत होता.

विवेकाचं मला पटतं. अडतं ते पुढे. त्याचा झाडांशी, तळ्याशी संबंध काय? थोरो ४ जुलै १८४५ ला वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. तिथे राहत असतानाच, जुलै १८४६ मध्ये, माणशी लागणारा कर (पोल टॅक्स) भरला नाही म्हणून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला मी पैसे देणार नाही, ही त्याची भूमिका. मला वाटतं हा योगायोग नाही, एकातून दुसरं निघालं. पण कसं निघालं हे मला नीट मांडता येत नाहीये. तुमचं काय मत? स्वतःचे अनुभव असतील तर तेही लिहा.

वाटसरू

वाचतोय. चांगला विषय काढलात. पुढील लेखनास शुभेच्छा.

शुभ्रा

रानजाई, मला हे अजिबात पटत नाही. तळं गावापासून जेमतेम दीड मैलावर. जमीन एमर्सनच्या मालकीची. आई-बहिणींकडे जेवायला येणं-जाणं चालू, आणि धुणंही घरीच जायचं म्हणतात. ज्याच्या पाठीशी एवढं घर आहे त्याला एकांत परवडतो. माझी आजी जन्मभर शेतात राबली. निसर्गाच्या तिच्याइतकं जवळ कोण असणार? पण तिला कोणी विचारवंत म्हटलं नाही, आणि तिचा आतला आवाज ऐकायला घरात कुणाला सवडही नव्हती.

आणखी एक. एमर्सनने चेरोकी या तिथल्या आदिवासी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलण्याविरुद्ध १८३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांना खरमरीत पत्र लिहिलं. त्याच वर्षी हार्वर्डच्या धर्मशिक्षण विद्यालयात त्याने असं भाषण केलं की पुढे जवळजवळ तीस वर्षं त्याला तिथे कोणी बोलावलं नाही. तो काही झोपडीत राहत नव्हता. चांगल्या घरात, अभ्यासिकेत बसून त्याने हे केलं.

टेकडीवरची

+१ शुभ्रा, आजीबद्दल. बाकीच्यावर सविस्तर लिहिते नंतर, पेपर तपासायचेत.

बॉस्टनवासी

मी इथून जवळच राहतो, वॉल्डनला जाणं होतं, म्हणून थोडं लिहितो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना धक्का बसतो तो तळ्याच्या 'साधे'पणाचा. उन्हाळ्यात काठावर पोहणाऱ्यांची गर्दी, मुलांचा आरडाओरडा, आणि पलीकडच्या टोकाला झाडांमागून धडधडत जाणारी लोकल. ही फिचबर्ग मार्गाची रेल्वे थोरोच्या वेळीही होती, त्याच्या मुक्कामाच्या जेमतेम वर्षभर आधी सुरू झाली होती. म्हणजे तो घनदाट अरण्यात गेला होता हा समज त्याचा नाही, आपला आहे. त्याने स्वतःच गावापासूनचं अंतर लिहून ठेवलंय, इंजिनाच्या शिट्टीवर पानंच्या पानं लिहिली आहेत आणि घरी आलेल्या पाहुण्यांवर वेगळं प्रकरण.

वाहनतळाजवळ त्याच्या घराची प्रतिकृती आहे. दहा फूट बाय पंधरा फूट. एक खाट, एक टेबल, एक लिहायचं मेज, तीन खुर्च्या. मूळ घराचा सगळा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, पैन् पैचा हिशेब त्याच्या 'वॉल्डन' या पुस्तकात आहे. फळ्या त्याने रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मिळवल्या. ते कुटुंब सकाळी सहा वाजता गाठोडं घेऊन वाटेला लागलं हेही त्याने लिहिलंय. शुभ्राताई, तुमचा मुद्दा इथे जास्त टोचतो असं मला वाटतं, धुण्यापेक्षाही.

पण आई-बहिणींबद्दल एक गोष्ट तुम्ही जमेस धरलेली नाही. त्या कॉनकॉर्डच्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संघटनेत होत्या, आणि थोरो त्या बाबतीत तोंड उघडण्याच्या कितीतरी आधीपासून. १ ऑगस्ट १८४६ ला, तुरुंगातून सुटल्यावर आठवडाभरातच, या संघटनेची वार्षिक सभा थोरोच्या त्या झोपडीच्या दारात भरली. एमर्सन बोलला. केंटकीतल्या गुलामीतून निसटून आलेला लुइस हेडनही बोलला. एकांताची म्हणून जगभर गाजलेली ही जागा त्या दिवशी चळवळीचं मैदान होती.

रानजाई

बॉस्टनवासी, ही सभेची गोष्ट मला माहीतच नव्हती! यासाठीच धागा काढला होता.

शुभ्रा

माहिती उत्तम, पण मग माझाच मुद्दा बळकट होतो ना? विवेक जागा झाला तो घरातल्या बायकांमुळे. श्रेय मात्र तळ्याला!

आणि या मंडळींच्या घरातल्या बायकांचा विषय निघालाच आहे तर फ्रूटलँड्सबद्दल लिहितेच. जून १८४३ मध्ये ब्रॉन्सन अल्कॉट आणि त्याचा इंग्रज मित्र चार्ल्स लेन यांनी एक आदर्श शेत-वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही. सुती कपडे नाहीत, कारण कापूस गुलाम पिकवतात. लोकर नाही, कारण ती मेंढीची. जनावरांना राबवणं नाही. ऐकायला सगळं उदात्त. पुरुष मंडळी विचार मांडायला गावोगाव फिरत, आणि घरचं सगळं ॲबिगेल अल्कॉटवर. जानेवारी १८४४ पर्यंत, ऐन थंडीत, सगळं मोडलं. मुलगी लुइसा तेव्हा दहा-अकरा वर्षांची. पुढे तिने यावर गोष्ट लिहिली, त्यात पीक भिजू नये म्हणून वादळाच्या तोंडावर आई आणि मुलंच धान्य गोळा करतात. तिथे ओझ्याची जनावरं आहेत का असं कोणी विचारतं, तेव्हा आई म्हणते, एकच बाई आहे.

हे वाचल्यापासून 'विवेक' शब्द ऐकला की मला आधी विचारावंसं वाटतं, कोणाच्या पाठीवर?

वाटसरू

"कोणाच्या पाठीवर?" हे आमच्या घरी दर्शनी भिंतीवर लावणार. बायकोने आत्ताच वाचलं आणि टाळी दिली. :)

नाना_सातारकर

मंडळी, चर्चा छान चालली आहे. आपल्याकडचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. तुकोबांनी काय म्हटलंय?

सत्य असत्याशी मन केलें ग्वाही ।
मानियेलें नाहीं बहुमतां ॥

आणि वृक्षवल्ली आम्हां सोयरी तर सगळ्यांनाच पाठ. विवेक आणि निसर्ग, दोन्ही एकाच माणसात, थोरोच्या दोनशे वर्षं आधी.

कातळकडा

नाना, आदर ठेवून असहमत. तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर विठ्ठलासाठी गेले. थोरोला तळ्याकाठी कोणत्याही देवाचं नाव घ्यायचं नव्हतं. तो तिथे गीता वाचत होता हे खरं, चार्ल्स विल्किन्सने १७८५ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर. पण तीही त्याने स्वतःच्या पद्धतीने वाचली. 'हे आमच्याकडे आधीच होतं' म्हटलं की दोन्हीकडचं नीट बघायचं राहून जातं.

गोदाकाठ

गीतेचा विषय निघाला म्हणून जरा अवांतर.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळं गोठल्यावर शंभर-एक आयरिश मजूर रोज येऊन बर्फ कापत. करवतीने लाद्या पाडायच्या, घोड्यांनी ओढून काठाला आणायच्या आणि रचायच्या. त्या काळी बॉस्टनहून लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजाने कोलकाता, मद्रास आणि आपल्या मुंबईला येत असे. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये कोलकात्याला पहिली खेप पाठवली, पुढे मुंबईतही बर्फ साठवायचं घर बांधलं गेलं. थोरो हे कापणं बघत होता. सकाळी गीता वाचायची आणि समोर तळ्याचा बर्फ निघतोय. त्याला वाटलं, मुंबई-मद्रासचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात, आणि वॉल्डनचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतंय.

प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात रचलेला दहा हजार टनांचा ढीग बराचसा तिथेच राहिला. वर गवत आणि फळ्या टाकून झाकला, काही भाग नेला, बाकीचा उन्हात उघडा पडला आणि सप्टेंबर १८४८ पर्यंत पुरता वितळला नव्हता. थोरोने तेही टिपलंय: तळ्याने आपलं पाणी बहुतेक परत मिळवलं. कल्पनेची एवढी मोठी झेप घेतल्यावरही ढिगाचं काय झालं हे तो जवळजवळ दोन वर्षं बघत राहिला. मला त्याच्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

टेकडीवरची

पेपर संपले. गोदाकाठ, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

मी जीवशास्त्र शिकवते. आमच्या क्षेत्रात थोरो वेगळ्याच कारणासाठी ओळखला जातो. १८५० च्या दशकात त्याने कॉनकॉर्डच्या आसपास शेकडो जातींच्या झाडाझुडपांना पहिलं फूल कधी येतं याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. बॉस्टन विद्यापीठातल्या रिचर्ड प्रायमॅक आणि सहकाऱ्यांनी त्या आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कॉनकॉर्डमध्ये आता वसंतातली फुलं सरासरी आठवडाभर तरी लवकर येतात. हवामान बदलाचा हा पुरावा एका माणसाच्या रोजच्या पायपिटीतून मिळाला. तो तळ्याच्या तळाशीही असाच पोचला. लोक म्हणायचे वॉल्डनला तळच नाही. याने १८४६ च्या सुरुवातीला गोठलेल्या तळ्यावर जाऊन, बर्फाला भोकं पाडून, दोरीला दगड बांधून मोजलं: १०२ फूट. सगळे सांगतात म्हणून मानायचं नाही, जाऊन मोजायचं. करवसुली करणाऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस हाच आहे असं मला वाटतं.

शुभ्रा

टेकडीवरची, तुमचं म्हणणं सुंदर आहे, पण १८४४ ची आग? एप्रिलमध्ये थोरो आणि त्याचा मित्र एडवर्ड होर यांनी नदीकाठी मासे शिजवायला जाळ केला आणि त्यातून कॉनकॉर्डचं तीनशे एकर रान जळलं. लोकांचं सरपण, लाकूड सगळं गेलं. सहा वर्षांनी रोजनिशीत लिहिताना हा गृहस्थ म्हणतो, मी वीज पडल्यासारखंच काहीतरी केलं. म्हणजे निसर्गप्रेम होतं, बारकाईने बघणंही होतं, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल काय?

बॉस्टनवासी

हे वाचून मलाही त्रास झाला होता. पण त्याच माणसाने तळ्याकाठी राहून आणखी कोणाकडे बघितलं ते पाहा. वॉल्डनचं रान ही हलकी जमीन. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना गावात जागा मिळायची नाही, ते या कडेला येऊन राहिले: ब्रिस्टर फ्रीमन, केटो इंग्रॅहम, झिल्फा व्हाइट. झिल्फा एकटी राहायची, सूत कातायची, मोठ्याने गायची. १८१२ च्या युद्धात ती घरी नसताना सुटकेवर आलेल्या इंग्रज युद्धकैद्यांनी तिचं घर जाळलं, कुत्रा, मांजर, कोंबड्या सगळ्यांसकट. थोरो येईपर्यंत या घरांचे फक्त तळखड्डे आणि काही विटा उरल्या होत्या. त्याने त्यांची नावं, जागा शोधून काढून पुस्तकात एक प्रकरण दिलं. गावातल्या बहुतेकांना ते विसरायला हवं होतं.

उंबर

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो. रानजाईंनी अनुभव विचारला आहे.

मी एका सरकारी कार्यालयात होतो, नाव लिहीत नाही. रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांची यादी माझ्याकडे सहीसाठी आली. झाडाचं नाव, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, अंदाजे वय. त्या रस्त्याने मी रोज चालत कामावर जात असे. यादीत एका वडाचा घेर ९० सेंटिमीटर लिहिला होता. त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड आहे, पारंब्यांना शाळेची मुलं लोंबकळतात, आणि दोघांनी मिळून कवेत घेतला तरी हाताला हात लागत नाही. पुढे पाहिलं तर जुन्या चिंचा झुडपांच्या रकान्यात. झाडांवर पिवळ्या रंगाने आकडे आधीच टाकून झाले होते, त्यातही काही गाळलेले.

मी सही केली नाही. पुन्हा मोजणी करावी असं लेखी दिलं. वरिष्ठ ओरडले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, तुमच्या एका सहीने काय अडतंय?" महिनाभरात माझी बदली झाली. यादीवर दुसऱ्या कोणीतरी सही केली असणार.

एवढंच म्हणेन: दुसऱ्या तालुक्यातल्या, न पाहिलेल्या रस्त्याची यादी असती तर मी बहुधा सही करून मोकळा झालो असतो. ती झाडं मला माहीत होती म्हणून ९० हा आकडा डोळ्यांत खुपला.

रानजाई

उंबरदादा, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसले होते. मला मांडता येत नव्हतं ते हेच.

वाटसरू

उंबर, सलाम.

पण एक शंका सगळ्यांना, मनापासून. आतला आवाज चुकीचा निघाला तर? गुलाम बाळगणारेही म्हणायचेच की आमचा देव आणि आमचं मन साफ आहे. थोरोने १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राऊनची जाहीर बाजू घेतली. ब्राऊनने तर शस्त्र उचललं होतं, माणसं मारली होती.

नाना_सातारकर

वाटसरू, प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की कोणाच्या वतीने आणि कोण किंमत मोजणार हे बघावं. आपला आवाज ऐकून दुसऱ्याला तुरुंगात जावं लागत असेल तर तो तपासून घ्यावा.

कातळकडा, तुमचं म्हणणं मान्य, तुकोबांना बाजूला ठेवतो. पण एक खरा धागा आहे तो सांगतो. दुर्गाबाई भागवत. 'वॉल्डन' त्यांनी मराठीत आणलं. ऋतूंवर त्यांनी जे लिहिलं ते आपल्याकडे पिढ्यांनी वाचलंय. याच बाई १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण समोर असताना त्यांनी तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या, आणि पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. कराड आमच्यापासून तासाभरावर. त्या संमेलनाच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. पळसाकडे इतकं निरखून पाहणारी बाई सत्तेसमोर खोटं बोलू शकली नाही, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

कातळकडा

नाना, हा दुवा जबरदस्त. याला हरकत नाही!

गांधीजींचं मात्र जपून. थोरोच्या सविनय कायदेभंगावरच्या निबंधावरूनच त्यांना सत्याग्रह सुचला असं सर्रास लिहितात. त्यांनी १९०७ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मध्ये थोरोचे उतारे छापले, त्यांना तो फार आवडायचाही. पण दक्षिण आफ्रिकेतला लढा त्याआधीच चांगला पुढे गेला होता, हे त्यांनी स्वतः १९३५ मध्ये पत्रात स्पष्ट केलंय.

गोदाकाठ

तशीच ती दंतकथा: एमर्सन तुरुंगात भेटायला आला, म्हणाला "हेन्री, तू आत का?" आणि थोरो म्हणाला "तुम्ही बाहेर का?" भाषणात छान वाटते, पण तिला काही आधार नाही.

बॉस्टनवासी

गोदाकाठ, बरोबर. आणि खरं जे घडलं ते त्याहून चांगलं आहे, रानजाईंच्या मूळ प्रश्नाला धरूनही.

थोरो त्या दिवशी गावात आला तो चांभाराकडे दुरुस्तीला टाकलेला बूट घ्यायला. वाटेत तुरुंगाधिकारी सॅम स्टेपल्सने पकडलं. स्टेपल्स ओळखीचाच, वाटल्यास कर मी भरतो म्हणाला. हा नको म्हणाला. रात्री कोणीतरी, बहुधा आत्याने, परस्पर कर भरून टाकला. सकाळी सोडायला लागले तर हा जायला तयार नव्हता, चिडला होता. मग बाहेर पडून चांभाराकडून बूट घेतला आणि हकलबेरी ही रानफळं वेचायला निघालेल्या मंडळींसोबत गेला. अर्ध्या तासात ते दोन मैलांवरच्या उंच टेकडीवर पोचले, आणि तिथून सरकार कुठेच दिसत नव्हतं, असं त्याने लिहिलंय. १८४८ मध्ये गावातल्या लायसियममध्ये, म्हणजे व्याख्यानमंडळात, त्याने यावर व्याख्यान दिलं, १८४९ मध्ये निबंध छापला, पण टेकडी त्यातून गाळली नाही. त्याच्या लेखी तुरुंग आणि बेरी एकाच सकाळच्या गोष्टी होत्या.

शुभ्रा

ही टेकडी मला आवडली. झिल्फाबद्दल मला अजून वाचायचंय, बॉस्टनवासी, निरोप पाठवते. पण फ्रूटलँड्स मी सोडणार नाही.

टेकडीवरची, एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीबाहेर पांगारा आणि बहावा आहेत. थोरोसारख्या नोंदी ठेवायच्या तर नेमकं काय लिहायचं? मुलीला घेऊन सुरू करीन म्हणते.

टेकडीवरची

अगदी सोपं आहे. ठरावीक झाडं निवडा आणि दरवर्षी तीच ठेवा, दिसेल ते झाड टिपत बसू नका. प्रत्येकाची जागा ओळखता येईल अशी लिहा. पहिली कळी, पहिलं उमललेलं फूल, बहर आणि पानगळ यांच्या तारखा. गेलात आणि काही नव्हतं तर तेही लिहा, 'अजून नाही' ही नोंद नंतर फार कामाला येते. आणि उंबरदादा म्हणाले तसा बुंध्याचा घेर वर्षातून एकदा, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, शिवणकामाच्या टेपने.

उंबर

वडाला टेप पुरणार नाही. सुतळीने मोजा आणि मग सुतळी टेपवर धरा. पारंबी बुंध्याला चिकटली असेल तर ती धरून मोजली की सोडून, हे रकान्यात नक्की लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी आकडा जुळत नाही.